एमआरआयला कौल लावू नका

मेंदूची दोन चित्रे, शेजारी शेजारी. डावीकडचे पिवळ्या-तांबड्या रंगांनी उजळलेले, खाली लिहिलेले ‘निरोगी’. उजवीकडचे निळे, काळवंडलेले, खाली ‘नैराश्यग्रस्त’. गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर हे चित्र अधूनमधून फिरत असते. कुणी जीव दिल्याची बातमी आली की ते हटकून वर येते आणि त्याखाली तोच जुना वाद पेटतो. एक बाजू म्हणते, बघा, दिसतोय ना आजार? मधुमेहासारखाच हा मेंदूचा विकार आहे, माणसाला बोल लावू नका. दुसरी म्हणते, ही औषध कंपन्यांची जाहिरात. माणूस कर्जाने खचतो, एकटेपणाने खचतो, घरच्या जाचाने खचतो, त्याच्या मेंदूचे फोटो काय काढता? दोघेही तावातावाने बोलतात, दोघांच्याही पोटात कळवळा असतो. आणि दुखणे खरे की खोटे याचा निवाडा त्या चित्राने करायचा, हे दोघांनीही धरूनच ठेवलेले असते. एकाला चित्रात पुरावा दिसतो, दुसऱ्याला चित्र खोटे पाडले की जिंकल्यासारखे वाटते. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवून उजवी पडते की डावी हे बघत बसावे, तसे आपण एमआरआयला कौल लावून बसलो आहोत.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नैराश्य मेंदूत घडते, यात शंका घेण्यासारखे काही नाही. आपले हसणे, रडणे, कोकणी-मराठीवरून भांडणेही मेंदूतच घडते. पण मेंदूची रचना आणि मेंदूचे काम यांचे नाते सैल आहे, आणि नैराश्याचा संबंध ज्या भागांशी येतो तिथे तर ते सर्वांत सैल आहे. म्हणून रचनेत काही दिसले की आजार खरा आणि दिसले नाही की मनाचे खेळ, हा हिशेबच चुकीचा. उपचार, रजा, विमा, घरातला मान या गोष्टी चित्रावर टांगून ठेवणे रुग्णाच्या हिताचे नाही, आणि विज्ञानालाही ते धरून नाही.

ते चित्र बहुतेकदा एमआरआयचेही नसते. ते असते पीईटीचे, म्हणजे शरीरात टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणाऱ्या तपासणीचे, आणि त्यातले रंग संगणकाने आकड्यांना चढवलेले असतात. तरी एमआरआयच घेऊ, कारण बहुतेक संशोधन त्यावर चालते. माणूस यंत्रात उताणा पडलेला असतो, डोक्याभोवती पिंजरा, कानांत बोळे, डोळ्यांसमोरच्या आरशात एक फुली. ‘फुलीकडे बघत राहा, हलू नका, झोपू नका, ठरवून कशाचा विचार करू नका.’ मग आठ-दहा मिनिटे कर्कश ठकठक. एवढ्या वेळात यंत्र टिपते ते रक्तातल्या प्राणवायूचे चढउतार. विचार त्यात कुठेही टिपले जात नाहीत. पेशींनी काम केल्यावर काही सेकंदांनी रक्ताचा ओघ वाढतो, तो चढउतार ज्या दोन भागांत एका लयीत होतो ते ‘जोडलेले’ समजायचे. हे झाले कार्य. रचना पाहण्याची रीत वेगळी: मेंदूतले पाणी कोणत्या दिशेने अधिक सहज सरकते ते मोजायचे आणि त्यावरून तंतूंचे जुडगे कुठून कुठे गेले असतील याचा अंदाज बांधायचा. चित्रातल्या तीन मिलिमीटरच्या एका ठिपक्यात लाखो चेतापेशी येतात. तंतू आहे असे दिसले तरी त्यातून निरोप इकडून तिकडे जातो की तिकडून इकडे, हे या रीतीने कळत नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी बाजारातून आणलेला एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, या माणसाला काय वाटत असेल असे विचारले, आणि आकडेमोडीतली एक आवश्यक खबरदारी मुद्दाम न घेता निष्कर्ष काढला. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ सापडली! मासे खाणाऱ्या आमच्या प्रदेशात ही गोष्ट शाळेत सांगायला हवी. त्या संशोधकांना यंत्र टाकाऊ ठरवायचे नव्हते. हिशेब काळजीपूर्वक करा, एवढेच सांगायचे होते.

काळजीपूर्वक हिशेब केल्यावर काय दिसते? २०१६ मध्ये जगभरातल्या १५ नमुन्यांची मोजमापे एकत्र केली गेली: नैराश्याचे १,७२८ रुग्ण आणि ७,१९९ निरोगी माणसे. स्मरणाशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग रुग्णांत सरासरी सव्वा टक्क्याने लहान निघाला, तोही मुख्यतः पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्यांत आणि लहान वयात आजार सुरू झालेल्यांत. फरक खरा आहे. पण सव्वा टक्का! निरोगी माणसांमाणसांतच याहून कितीतरी मोठा फरक असतो. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सुमारे १,८०० लोकांची रचना, कार्य, तंतू असे सगळे तपासले. रुग्ण आणि निरोगी यांचे आलेख ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर पडले. एकेका मापावरून ‘हा रुग्ण की निरोगी’ हे ओळखायला गेल्यावर बरोबर उत्तर आले ५४ ते ५६ टक्के वेळा. पाकळीने सांगितले असते तरी पन्नास टक्के जमलेच असते.

इथे दुसऱ्या बाजूचे लोक टाळ्या वाजवतील. त्यांनी जरा थांबावे, कारण या आकड्यांवरून आजार खोटा ठरत नाही. चूक रचनेकडून ज्या प्रकारच्या उत्तराची अपेक्षा धरली तिच्यात आहे. डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले ज्या भागांत पहिल्यांदा पोचते, तिथे रचना आणि कार्य बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात. तंतू जिथे गेले तिथे लय जुळते. पण नियोजन, आठवण, स्वतःविषयीचा विचार, भावनांना आवर या गोष्टी ज्या भागांत चालतात, तिथे तंतूंच्या नकाशावरून लयीचा अंदाज फारसा बांधता येत नाही. माणसाला त्याच मेंदूनिशी आज एक आणि उद्या दुसरे करता यावे, तर हे सैलपण हवेच. काही माणसे जन्मतःच मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या मोठ्या पट्ट्याशिवाय जन्मतात. त्यांचे दोन गोलार्ध एकमेकांशी फटकून असतील असे वाटेल. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यांच्या दोन्ही बाजूंची लय जवळजवळ इतरांसारखीच जुळलेली आढळली. पूलच नाही आणि तरी दोन्ही काठ एका तालात!

नैराश्याचे संशोधन नेमके याच सैल प्रदेशात चालते. रुग्णांत रचना आणि कार्य यांची सांगड कुठे ढिली पडलेली दिसते, कुठे उलट अधिक घट्ट, आणि एका चमूला दिसलेले दुसऱ्याला दिसतेच असे नाही. माणूस रिकामा असताना, स्वतःतच गुंतलेला असताना मेंदूच्या भागांचे जे जाळे जागे असते, त्याचेच बघा. नैराश्यात माणूस तेच तेच विचार उगाळतो म्हणजे हे जाळे गरजेपेक्षा जास्त जोडलेले असणार, असे कित्येक वर्षे सांगितले गेले. गोष्ट ऐकायला पटणारी होती. २०१९ मध्ये चीनमधल्या २५ गटांनी १,३०० रुग्णांची माहिती एकत्र केली तेव्हा वारंवार आजारी पडणाऱ्यांत ती जोडणी कमी झालेली निघाली, आणि तिचा संबंध औषधे घेण्याशी दिसला. विजेच्या झटक्यांच्या उपचारांचेही तसेच. तीव्र नैराश्यात हा उपचार आजही फार परिणामकारक मानला जातो. त्याने हिप्पोकॅम्पसचा आकार वाढतो, हे अनेक देशांतल्या एकत्रित अभ्यासाने २०१८ मध्ये दाखवले. पण ज्याचा आकार जास्त वाढला तो जास्त बरा झाला, असे काही त्यात आढळले नाही. माणूस बरा होतो, मेंदू बदलतो, आणि या दोन्हींचा आपण लावलेला सरळ संबंध मात्र लागत नाही.

रचना म्हणजेच कार्य, असे धरून चालण्याचा एक जुना आणि भयंकर धडा आहे, आणि त्याचा एक धागा थेट गोव्यात येतो. १९३५ मध्ये, आपण पोर्तुगालच्या अमलाखाली असताना, लिस्बनमध्ये एगास मोनिझ या मेंदूतज्ज्ञाने एक तर्क मांडला: रुग्णाचे विचार एकाच चाकोरीत फिरतात, कारण मेंदूच्या पुढच्या भागातल्या तंतूंच्या जोडण्या पक्क्या बसलेल्या असतात, त्या तोडल्या की विचार सुटे होतील. त्याचे हात संधिवाताने अधू होते, म्हणून कवटीला भोके पाडण्याचे काम त्याचा सहकारी अल्मेडा लिमा याने केले. पहिल्या २० रुग्णांत नैराश्याचे रुग्णही होते. सात बरे झाले, सात सुधारले, सहांत फरक नाही, असा हिशेब मोनिझने काही महिन्यांतच जाहीर करून टाकला. १९४९ मध्ये त्याला नोबेल मिळाले. तोवर अमेरिकेत हीच शस्त्रक्रिया हजारोंवर चालू होती आणि कित्येक माणसे घरी आली ती जिवंत, पण विझलेली. मोनिझ दुष्ट नव्हता. नकाशात जोडणी आहे म्हणजे रोग त्या जोडणीतच आहे, एवढी एकच उडी त्याने मारली होती. आज रंगीत चित्र पुढे ढकलणारा आपला मित्र तीच उडी सुरीशिवाय मारतो.

याच मोनिझने दहा वर्षे आधी, १९२५ मध्ये, एका गोमंतकीयावर पुस्तक लिहिले होते: आबे फरियावर. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्याचा पुतळा आहे, पुढ्यात कलंडणारी बाई, तिच्यावर रोखलेले त्याचे हात. पर्यटक तिथे फोटो काढतात आणि जादूगार समजून पुढे जातात. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री १८१३ पासून पॅरिसमध्ये संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागला, तेव्हा तिथला वादही आपल्यासारखाच चुकीच्या जागी अडकलेला होता. मेस्मर या वैद्याचे अनुयायी म्हणत, माणसामाणसांतून एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो, त्याने रोगी बरे होतात. १७८४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिए ज्यात होते त्या राजनियुक्त समितीने प्रयोग करून दाखवून दिले की असा द्रव नाही. जे घडते ते कल्पनाशक्तीने. निकाल अचूक होता. पण बहुतेकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की द्रव नाही म्हणजे काहीच नाही, सगळे थोतांड. लोकांना येणारे झटके, जाणाऱ्या वेदना, लागणारी झोप हे तर समितीच्या डोळ्यांसमोर घडत होते! फरियाने द्रव नाकारला आणि परिणाम मात्र नाकारला नाही. झोप संमोहकाच्या बोटांतून येत नाही, ती त्या माणसाच्याच आतून येते, तिथे शोधा, असे तो म्हणाला. बदल्यात दोन्हीकडून मार खाल्ला. पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टवाळी करणारे नाटकही झाले. पुढे गोव्यातल्या मनोरुग्णालयाला त्याचे नाव दिले गेले. बांबोळीच्या आजच्या मानसोपचार संस्थेचे मूळ त्याच रुग्णालयात आहे.

आता ‘मेंदूचा आजार’ म्हणणाऱ्यांचे सर्वांत भक्कम मुद्दे. पक्षाघातानंतर दर तीन रुग्णांमागे साधारण एकाला नैराश्य येते. तिथे रचनेतली इजा आणि मन यांचा संबंध नाकारता येत नाही. त्यापुढे, २०१९ मध्ये अशा शेकडो इजांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की इजेच्या जागा वेगवेगळ्या असल्या तरी नैराश्य आणणाऱ्या इजा बऱ्याचदा एकाच जाळ्याशी जोडलेल्या असतात. कपाळाच्या डाव्या बाजूवर चुंबकी स्पंदने देण्याचा उपचार याच जाळ्याला धरून चालतो, आणि औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांना त्याने उतार पडतो. मला हे सगळे मान्य आहे. संशोधनातून पुढे काही निघेल तर ते याच वाटेने, असेही वाटते. पण हा पुरावा नीट वाचला तर तो माझ्याच बाजूने बोलतो: एका जागेची खूण शोधणे फसले, जाळ्याच्या वागण्याकडे पाहिले तेव्हा काही हाती लागले. तेही कोवळेच आहे. मेंदूत खोलवर तार घालून नेमक्या जागी विद्युत्प्रवाह देण्याच्या प्रयोगात २००५ मध्ये सहापैकी चार रुग्ण सुधारले आणि जगभर बातम्या झाल्या. पुढे ९० रुग्णांवर खरा आणि खोटा प्रवाह अशी तुलना केली, तेव्हा सहा महिन्यांत दोन्हींत ठळक फरक दिसला नाही.

दुसरा मुद्दा कलंकाचा. मेंदूचा आजार म्हटले की घरचे टोमणे मारायचे थांबतात. थांबतात, हे खरे आहे. घाड्याकडे जाऊन झाले, देवाला गाऱ्हाणे घालून झाले, की ‘डॉक्टरांनी सांगितलंय मेंदूचं आहे’ हे वाक्य घरात केवढा दिलासा देते, हे मी पाहिले आहे. पण अशा स्पष्टीकरणांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष दोन धारांचा आहे: माणसाला दोष देणे कमी होते, पण हा आता कधी सुधारणार नाही ही भावना वाढते. मेंदूच बिघडलाय म्हटल्यावर सोयरीक मोडते, दुकान भावाच्या नावावर होते. दोष काढून घ्यायचा आणि आशाही काढून घ्यायची, हा कसला सौदा?

‘परिस्थिती’ म्हणणाऱ्यांचेही थोडे ऐकू. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सत्तरीत ट्रक दारात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या घरांतली झोप उडाली ती कुणाच्या हिप्पोकॅम्पसमुळे नव्हे. कबूल. पण त्याच वाड्यावर, तेवढेच कर्ज असलेला शेजारी काजूच्या बागेत रमला आणि दुसरा उठेनासा झाला, याचे काय करायचे? आणि सगळे सुखात असताना दर काही वर्षांनी ज्याला हा आजार गाठतो त्याला कोणती परिस्थिती दाखवायची? ही मंडळी हल्ली २०२२ च्या एका आढाव्याचा हवाला देतात: सेरोटोनिन हे मेंदूतले निरोप वाहणारे रसायन कमी झाल्याने नैराश्य येते याला भक्कम पुरावा नाही. बरोबर आहे. पण म्हणून गोळ्या फसव्या हे कसे निघाले? २०१८ मध्ये ५२२ चाचण्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. २१ पैकी प्रत्येक औषध, औषध नसलेल्या खोट्या गोळीहून सरस ठरले, फरक माफक असला तरी. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम कसे चालते हे १९४९ पासून आजतागायत पुरते उलगडलेले नाही, आणि ते चालते. कारणाची एक कथा खोटी ठरली की गुण खोटा ठरत नाही; पॅरिसच्या लोकांनी १७८४ नंतर हीच गल्लत केली होती.

वाद घालायला आपल्याला परदेशातली चित्रे लागतात, हे मला सर्वांत खटकते, कारण जगाने दखल घेतलेला पुरावा आपल्याच आरोग्य केंद्रांत तयार झाला. १९९६ साली गोव्यात सुरू झालेल्या ‘संगथ’ संस्थेच्या कामातून मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध केले. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रे, तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण. अर्ध्यांना नेहमीचे उपचार थोडे सुधारून, बाकीच्यांना त्याबरोबर सहा ते आठ बैठका. बैठका घेणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. याच गावांतले, आधी या क्षेत्राचे शिक्षण नसलेले, प्रशिक्षण दिलेले समुपदेशक होते. ते बालपण उकरत नाहीत, मेंदूविषयी व्याख्यान देत नाहीत. बाई, सकाळी उठल्यावर काय केलंत? परसातली फुलं काढायला जात होतात ना, कधीपासून बंद केलंत? उद्या एकदाच जाऊन या, परत आल्यावर कसं वाटलं ते या कागदावर खूण करून ठेवा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. पुढच्या बैठकीत त्या कागदावरून पुढे. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के बरे झाले, दुसऱ्या गटातले ३९ टक्के. वर्षानेही गुण बराचसा टिकून होता. आधी कृती बदलायची, मन मागून येते, हा त्यामागचा विचार. कार्याकडून सुरुवात, रचनेला हात न लावता. याआधीची, २०१० ची, मोठी चाचणी सांगते की असा समुपदेशक दिल्याचा फायदा सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खाजगी दवाखान्यांत दिसला नाही. सगळीकडे सगळे चालते असे नाही, आणि हेही मोजूनच कळले.

कायद्यानेही चित्र मागितलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आजार ठरतो तो मान्य वैद्यकीय निकषांवर, आणि शारीरिक आजाराला मिळतो त्याच पायावर मानसिक आजारालाही विमा द्यावा, असे कलम २१ सांगते. तरी लोक एमआरआय काढून घेतात, कधी डॉक्टर सांगतात म्हणून, कधी घरच्यांच्या समाधानासाठी. उतारवयात पहिल्यांदाच नैराश्य आले, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो, अशा वेळी तो काढायलाच हवा. इतर बहुतेकांना थायरॉइडची रक्ततपासणी जास्त उपयोगाची. आणि रिपोर्ट येतो ‘नॉर्मल’. तो यायचाच होता. मग सासू जेवायच्या टेबलावर तो लिफाफा ठेवते आणि म्हणते, ‘बाय, सगळं नॉर्मल आलंय, मग आता काय होतंय तुला?’ ज्या चित्राने त्या सुनेला निर्दोष ठरवावे अशी आपली इच्छा होती, त्यानेच तिला खोटारडी ठरवलेले असते, आणि पुढच्या महिन्यात गोळ्या बंद होतात. म्हणून रिपोर्ट हातात देतानाच, घरच्यांना समोर बसवून, डॉक्टरांनी बोलायला हवे: यात गाठ नाही, रक्तस्राव नाही, एवढेच हा कागद सांगतो. हिचा आजार यात दिसणार नव्हताच. तो आहे, तो बरा होतो, आणि गोळ्या मी सांगेपर्यंत थांबवायच्या नाहीत.